नेसलेल्या साडीचा मान

जगात टाकून देण्याजोगं काहीही नसतं असं मनापासून मानणारी एकच बाई मी आजवर पाहिली, आणि माझ्या लेकीनं नेमका तिचाच मुलगा पसंत केला. आमच्या विहीणबाई वाईला राहतात. त्यांच्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी येते, गाणं वाजवत दाराशी थांबते. गाडीवाला सवयीनं विचारतो, "काय हाय का आज?" विहीणबाई दारातूनच म्हणतात, "नाही हो. ताक घेणार?" तो ताक पितो आणि त्या घरापुरता रिकाम्या हातानं पुढं जातो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या त्या धुऊन, उलट्या करून दोरीवर वाळत घालतात. ती रांग पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला लांबून वाटलं, घरात तान्हं बाळ आहे की काय.

नारळ फोडला की खोबरं पोटात, शेंडी भांडी घासायला, करवंटी रोप लावायला. तांदळाचं धुवण जास्वंदीला, आंघोळीचं पाणी केळीला, आणि त्याच केळीचं पान पाहुण्याच्या पुढ्यात. आपण जेवतोय ते शेवटी कुणाच्या तरी आंघोळीवर, हे ध्यानात आलं की घास जरा जपून उतरतो. गच्चीवर एक काळी पेटी आहे, झाकणाला आरसा लावलेली. तिच्यात त्या सकाळीच डाळ-तांदूळ ठेवतात आणि उन्हाच्या भरवशावर निर्धास्त कामाला लागतात. पहिल्या खेपेस मी विचारलं, "आणि ढग आले तर?"

"तर उशीर," त्या म्हणाल्या.

मी लग्नाकार्यांच्या स्वयंपाकाचा ठेका घेणारी बाई. माझ्या धंद्यात बाराला पंगत म्हणजे बाराला पंगत. त्या दिवशी पाचगणीच्या बाजूनं एक ढग आला आणि निवांत बसला. मी गच्चीवर कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी, आणि विहीणबाई मला समजावतायत, "आत्ता भूक लागली असेल तर काकडी खा. भात व्हायचा तेव्हा होईल." झाला तेव्हा, खरं सांगते, डाळ फार चांगली शिजली होती. पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

निवृत्त होईपर्यंत त्या साताऱ्यात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होत्या. वाई-सातारा रोज एसटीनं. कचेरीत कुणी खुर्चीवरून उठला की मागं वळायच्या आत पंखा बंद. आलेली पाकिटं उसवून, आतली बाजू बाहेर काढून, खळ लावून पुन्हा चिकटवायच्या. एकदा म्हणे साहेब खाली पडलेलं पेनाचं टोपण शोधायला टेबलाखाली वाकले, तेवढ्यात यांनी दारातून खोली रिकामी पाहिली आणि दिवा मालवला. टेबलाखालून आवाज आला, "बाई, मी अजून आहे." यांनी दिवा लावला नाही. "मग खिडकी उघडते, साहेब. ऊन फुकट आहे." ही गोष्ट मला व्याह्यांनी सांगितली. ते फार कमी बोलतात. बोलले की बायकोबद्दलच बोलतात, आणि तेही ती घरात नसताना.

आता माझ्या घराबद्दल. मी सांगलीची, घरात मी आणि लेक, दोघीच. आमच्याकडे पंगत उठली की काळ्या पिशव्या भरायच्या, तोंडं बांधायची, ट्रॉलीत टाकायच्या आणि मागं वळून बघायचं नाही. माझी लेक यातच वाढली. पाणी कागदी पेल्यातून प्यायचं आणि पेला चुरगाळून फेकायचा. शॉवरखाली उभी राहिली की टाकी संपल्याशिवाय बाहेर येत नसे. खोली सोडताना दिवा मालवायचा असतो हे तिला ठाऊक होतं, पण ते काम कुणाचं हे ठाऊक नव्हतं. ते माझंच होतं.

मुलगी बघायला म्हणून विहीणबाई आल्या त्या एसटीनं, साताऱ्यात गाडी बदलून, पिशवीत स्वतःचं स्टीलचं फुलपात्र घेऊन. पोहे झाले, चहा झाला, आणि बाई उठून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. कोथिंबिरीच्या काड्यांचं मी काय करते, भाज्यांची सालं कुठं जातात, भांड्यांचं पाणी कुठं निघतं, सगळं वाकून बघितलं. माझ्या थोरल्या जाऊबाई तिथंच होत्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पोरगी बघाया आल्यात का मोरी?"

मी मनात तेव्हाच नाही म्हणून टाकलं. वाईट बाई नव्हती, पण अशा घरात माझी पोरगी नांदणार कशी? रोज उठून बादलीचा हिशेब, सालांचा हिशेब, दिव्याचा हिशेब. सासू प्रेमळ असली तरी पोरगी तिथं चुकतच राहणार, आणि चुकणाऱ्या सुनेचं हसू हळूहळू आटतं, हे मी घरोघरी स्वयंपाक करत पाहिलंय. लेकीला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "आई, तो चांगला आहे. बाकी मी शिकेन." एवढंच. त्यापुढं माझं काय चालणार?

याद्यांची बैठक आमच्या घरी झाली. वडीलधारे म्हणून माझे थोरले दीर आले होते. कराडजवळ, मलकापूरच्या पलीकडं त्यांचा ऊस आहे. फौजेतून सुभेदार म्हणून आले, पण हुकूम सोडायची सवय तिथं ठेवून आले नाहीत. पाटावर मांडी ठोकून म्हणाले, "बोला इहीणबाई, तुमचा मानपान काय आसंल त्यो आत्ताच सांगा. मागनं रुसवं-फुगवं नगंत."

विहीणबाईंनी शांतपणे एकेक बोट दुमडत सांगितलं. पाण्याच्या बाटल्या नकोत. कागदी पेले नकोत. थर्माकोलची सजावट नको. टॉवेल-टोपी नको.

"टॉवेल-टोपी न्हाई?" भावजी उडालेच. "आवं, मग पावणं घरला काय घिऊन जायचं?"

"जेवून जातील ना."

आमच्याकडं लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. ती टोपी कुणी घालत नाही आणि तो टॉवेल कुणी वापरत नाही. दोन्ही पुढच्या लग्नात पुढच्या पाहुण्याला जातं. खुद्द भावजींनी एका लग्नात दिलेला टॉवेल गावोगाव फिरून शेवटी त्यांच्याच हातात आला होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या डागावरून त्यांनी तो ओळखला. हे सगळ्या बैठकीला माहीत होतं, म्हणून कुणी फार ताणलं नाही.

मग विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि मला नवी साडी नको. तुमची नेसलेली एक द्या."

आमच्याकडं नेसलेलं लुगडं म्हणजे जुनेर. ते धुणंभांड्याच्या बाईला देतात, नाहीतर गोधडीत घालतात. वरमाय म्हणजे लग्नातला सगळ्यात मोठा मान, आणि तिला जुनेर?

"न्हाई न्हाई," भावजी म्हणाले, "आमाला गावात त्वांड दावायचं हाय. इहिणीला जुनेर दिलं म्हटल्यावर लोकं तोंडात शेण घालतील."

"मी मागितलंय म्हणून सांगा."

"आवं, लोकं आयकतात व्हय?"

मी विचारलं, "पण का?" त्या म्हणाल्या, "असू दे. आहे माझं काहीतरी." मला ते उत्तर पटलं नाही. मी पुढचं बघत होते. आज या हौसेनं मागतील, उद्या यांच्या नणंदा, भाच्या, शेजारणी म्हणतील, तुझ्या आईनं सासूला जुनेर घातलं. ते ऐकायला मी तिथं नसणार, माझी पोरगी असणार. त्या घरात आधीच तिला सतरा गोष्टी नव्यानं शिकायच्या, त्यात पहिल्याच दिवशी हा टोमणा बांधून कसा देऊ?

बैठक उठल्यावर भावजींनी ऑर्डर काढली. साडी नवीच द्यायची, पण नेसलेली दिसली पाहिजे. ती जबाबदारी जाऊबाईंनी घेतली. छान मोरपंखी रेशमी साडी आणली, दोनदा धुतली, उन्हात टाकली, मग ती नेसून एक अख्खी दुपार लसूण सोलत बसल्या. मी म्हटलं, "लसूण कशाला?" तर म्हणाल्या, "वास नगो का यायला? नेसलेली वाटाय पायजे."

लग्न विहीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणंच झालं. पाटणकडून पळसाच्या पत्रावळी आल्या. पहिल्या पंगतीत आमटीनं पत्रावळीतून वाट काढली आणि दोन पाहुण्यांची धोतरं धरली. दुसऱ्या पंगतीपासून मी आमटी द्रोणात वाढायला लावली. पाणी तांब्यातून. भांडी विसळायला माझी माणसं होती, पण मागं जाऊन बघते तर वरपक्षाच्या चार बायका पदर खोचून फुलपात्रं विसळतायत आणि मधोमध वरमाय. माझ्या आचाऱ्यानं हात जोडले, "बाई, हे असलं म्या आजवर बघितलं न्हाई. त्यांस्नी उठवा, मला पाप लागंल."

मग मान द्यायची वेळ झाली. मंडपातल्या सगळ्या बायकांचे डोळे आमच्यावर. मी कुंकू लावलं, साडी हातात दिली. विहीणबाईंनी ती उलगडली, दोन बोटांत निऱ्या धरून पाहिल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"ही तुम्ही नेसलेली नाही."

"आवं नेसलीया की!" जाऊबाई मधेच. "वास तरी घिऊन बगा."

"वास लसणाचा आहे आणि साडी दुकानातली आहे," विहीणबाई म्हणाल्या. "नेसत्या साडीला निऱ्यांची सवय असते. हिला नाही."

संपलं, मला वाटलं. बोहल्यावरून लेक बघत होती. मी काय बोलणार होते देव जाणे, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून मला खांबाआड नेलं आणि हळूच म्हणाल्या, "सकाळी हळदीच्या वेळी इरकल नेसला होतात, ती द्या."

"ती? अहो, तिला हळद लागलीय, तेल लागलंय. घरात नेसून नेसून विरलीय ती."

"घरात नेसता ना? मग तीच." त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पोरगी परक्या घरात उठेल. चहाचा डबा कुठं, पाणी कुठलं प्यायचं, काही ठाऊक नसेल. स्वयंपाकघरात डोळ्यांना ओळखीचं काहीतरी दिसायला नको? मी लग्न होऊन आले तेव्हा मला काही दिसलं नव्हतं."

मी म्हटलं, "हे बैठकीत का नाही सांगितलंत?"

"बैठकीत सांगितलं असतं तर तुमचे भावजी रडायला लागले असते. मग याद्या कोण लिहिणार?"

मी खोलीत जाऊन ती इरकल आणली. हळदीचा हात होता तिच्यावर, पाचही बोटं उमटलेली. विहीणबाईंनी ती तिथल्या तिथं नेसली आणि जेवायला सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसल्या. बायका कुजबुजल्या. मी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी भावजींना. भावजी फेटा सारखा करत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "धूर गेला डोळ्यात." होम केव्हाच विझला होता. मोरपंखी साडी धुतलेली म्हणून दुकानदारानं परत घेतली नाही. ती आता जाऊबाई नेसतात. त्यांना ती छान दिसते, आणि मला कधीकधी वाटतं, रंग निवडतानाच त्यांनी तो विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा वाईहून फोन आला. मी दोनदा वाजेपर्यंत धीर धरला आणि मग उचलला. आवाज भरलेला. "काय झालं?" मी विचारलं. "कुणी काही बोललं?"

"नाही गं. उठले, तोंड धुवायला मागं गेले. नळ सोडला आणि बघते तर स्वयंपाकघरात तू पाठमोरी. मी झोपेतच म्हटलं, आई, चहा. तर त्या वळल्या, म्हणाल्या, ओतलाय. मग मला रडूच आलं."

"मग?"

"मग त्या बाहेर आल्या. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, रड हवं तेवढं, पण आधी नळ बंद कर." आणि लेक हसायला लागली. रडता रडता, नाक ओढत, माझ्याकडे असताना हसायची तशीच. मीही हसले.

ती तिथं रुळेल का, ही माझी कित्येक महिन्यांची काळजी त्या एका फोनवर संपली. आज इतकी वर्षं झाली, ती चुकली असेल, शिकली असेल, तिचं हसू काही आटलं नाही. विहीणबाईंचे गुडघे आताशा दुखतात, गच्चीचे जिने लेकच चढते. या बाईचं माझ्यावर ऋण आहे, आणि समोर भेटलं की आम्ही भाजीच्या सालांवरून भांडतो.

पण काळजी उठून गेली की तिच्या जागी काय येऊन बसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी फोन ठेवला. हाक मला होती. ओ त्यांनी दिली. बरं झालं, मी स्वतःला म्हटलं, अगदी बरं झालं, आणि चहा टाकला. गाळून झाल्यावर बघते तर सवयीनं दोन कप भरलेले. माझा प्यायले. लेकीचा मोरीत ओतायला उचलला, पण हात होईना. मग ओट्याला टेकून, गार झालेला तो चहाही मीच प्यायले.