पाच बारांची बंदूक आणि दादांचा खांदा

वडिलांचा उजवा खांदा माझ्यामुळे निकामी झाला. घरातले सगळे त्यांच्या वयाला दोष देतात. ते स्वतःही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. जुनी, विलायती, पाच बारांची ऑटो, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी. जिंतूरकडच्या डोंगराखाली आमचं शेत आहे. रानडुकरं उतरली की दादा बांधावर जाऊन हवेत बार काढत. आजूबाजूचे शेतकरीही त्यांनाच हाक मारत. ऐंशीला टेकलेल्या माणसाला गावानं हाक मारावी, असं दुसरं काही कारणच उरलं नव्हतं.

त्या बंदुकीचे गुण त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आलो. दुनळीचे दोन बार झाले की ती बिजागरीत मोडून पुन्हा भरावी लागते, तेवढ्यात डुकरं परत तुरीत शिरतात. हिचे पाच बार घोडा दाबाल तसे सुटत. दणकाही कमी. बार झाला की सबंध नळी मागे सरकते आणि पुन्हा जागेवर येते, त्यात निम्मा धक्का जिरून जातो. म्हणूनच त्या वयातही ती त्यांना झेपत होती.

खोडीही तेवढ्याच. पावसाळ्यात फुगलेलं काडतूस आत अडकायचं. हलकं काडतूस घातलं तर नळी पुरती मागे यायची नाही आणि रिकामं टरफल तोंडातच राहायचं. धूळ तर तिला बिलकूल खपायची नाही. दुनळी मोडली की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं; हिच्या पोटात एखादं काडतूस राहिलंय का, ते बोट घालून बघावं लागे.

शेजारच्या काकांकडे दुनळी. ते चिडवत, "दादा, तुमची बंदूक म्हंजे व्याही हाय. मानपान चुकला की रुसून बसती."

"आन तुमची? दोन घास खाल्ले की लागली धापा टाकायला."

या बंदुकीची आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी कधी विचारून घेतली नाही. काडतुसं भरायच्या खालच्या नळीवर एक पितळी कडं असतं. ते नळीला घट्ट धरून मागे येणारा दणका थोपवतं. दादा बाकी सगळ्या बंदुकीला तेलाचा हात फिरवत, तेवढी नळी मात्र कोरड्या फडक्यानं पुसत. मला वाटे, तेल वाचवतात.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आधीच्या खेपेला आमची तिथल्या ओलीनं गंजून परत आली होती. गेल्या निवडणुकीआधी दादांची बोटं वातानं आखडलेली, म्हणून परभणीहून आलो होतो तेव्हा बंदूक मीच पुसायला घेतली. मला बस गाठायची होती. आता काही गंज धरत नाही, असं म्हणत मी शिलाई मशीनचं तेल आतबाहेर सगळीकडे ओतलं.

ओसरीवरून दादांनी विचारलं, "खालची नळी कोरडी पुसली का रं?"

"पुसली, दादा."

म्हाताऱ्या माणसाला आपण बोलण्याच्या ओघात हो म्हणतो, तसं म्हणालो. वर बघितलंसुद्धा नाही.

निकाल लागल्यावर बंदूक परत आली. पुढच्याच आठवड्यात डुकरं उतरली. काकांचा फोन आला, "पहिल्या बाराला दादा हालले. दुसऱ्याला खालीच बसले बघ." बंदुकीचं पुढचं लाकूड उभं चिरलं होतं आणि दादांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. या वयात ते नीट जुळलं नाही. आता हात छातीच्या वर जात नाही. सदऱ्याच्या बाह्या आई चढवते.

मी बंदूक नांदेडला एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उघडली, कड्यावरचं तेल बोटावर घेतलं आणि म्हणाला, "इसकू तेल किसने लगाया? ब्रेक कू तेल लगाते क्या?" लाकूड आता मिळत नाही, म्हणाला.

दादांना ते सांगायला मला तीन महिने लागले. ते खाटेवर पडून होते. बाहेर कुणीतरी डबा बडवून डुकरं हाकलत होतं. मी सगळं सांगितलं. तेल सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं.

ते ऐकून घेत होते. मग डाव्या हातानं माझा गुडघा थोपटत म्हणाले, "मला बरं वाटावं म्हून बोलायलास. तू पुसली म्हणलास ना तवा? मग पुसलीच असशील. बंदुकीनं मला कवा मारलं न्हाई. अंगातच राम ऱ्हायला न्हाई माझ्या."

"न्हाई दादा, खरंच—"

"पुरे. बापापायी खोटं बोलू नये."

परवा बंदूक कायमची जमा केली. दादा हट्टानं जीपमध्ये बसून आले. ठाण्यातल्या हवालदारानं चिरलेलं लाकूड बघून विचारलं, "हे कशानं झालं?" मी तोंड उघडलं.

"माझ्या हातून झालं, साहेब," दादा म्हणाले. "म्हातारा झालो. पोराचा काई दोष न्हाई."

हवालदारानं मान हलवली. दादांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. मी काखेत हात घालून त्यांना उठवलं, आणि खांदा दुखला तरी ते काही बोलले नाहीत.