बदलीचा टेम्पो आणि रताळ्याची हंडी

तलासरीच्या आमच्या शाळेत डब्याची सुट्टी अर्ध्या तासाची. पण त्या सुट्टीतले किस्से सांगायला बसलो, तर पुढचा तास भरायचाच नाही! त्यातले निम्मे शिंदे मॅडमचे, आणि ते सगळे रताळ्याचे.

मॅडम तासगावच्या. नवरा तिकडेच शिक्षक. त्यामुळे रुजू झाल्यापासून त्यांचे डोळे बदलीकडे. आम्ही मात्र देव पाण्यात ठेवून बसलेलो, कारण त्या गेल्या की सातवीचं गणित माझ्याकडे येणार होतं. मी मराठी शिकवतो. पोरांचं काही खरं नव्हतं!

*

एकदा मॅडमच्या डब्यात रताळ्याच्या गोड काचऱ्या निघाल्या. तुपातल्या, गूळ-वेलची घातलेल्या.

"आज उपास?" मी विचारलं.

"नाही हो. आईची आठवण आली."

उंबरगावकडच्या आमच्या गुजराती शिक्षिका जयाबेननी एक काप उचलला, मग मी, मग बाकीचे. मॅडमना डब्याचं बूडच दिसलं!

"बेन," जयाबेन बोटं चाटत म्हणाल्या, "उद्या पण आईची याद करजो हं!"

मॅडम त्या दिवशी आमच्यात पहिल्यांदा खळखळून हसल्या.

*

रानशेतचे देवजी सर आमच्यात सगळ्यात कमी बोलणारे. एकदा त्यांनी डबा उघडला, तर रताळ्याची तिखट भाजी आणि वर भरपूर सुकट. वासानंच मॅडम खुर्चीतून उठल्या.

"अहो सर! उपासाच्या रताळ्यात सुकट?"

"रताळ्याला थोडंच माहीत हाय, ते उपासाचं हाय!"

पुढच्या आठवड्यात मॅडमच विचारत होत्या, "सर, चांगली सुकट कुठं मिळते?" मी मनातल्या मनात सातवीच्या पोरांचं अभिनंदन केलं.

*

थंडीत देवजी सरांच्या वाडीवर हंडी असते. मडक्यात रताळी, कंद, वालाच्या शेंगा, लसूण-मिरचीचं वाटण. तोंडाला रानातला पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मग मडक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. चुर्र होऊन उडाला की शिजलं!

"एका थेंबावरून उत्तर काढायचं?" असं म्हणत मॅडमनी अख्खी बाटली ओतली. फट्! मडक्याचे दोन तुकडे!

राखेतली अर्धकच्ची रताळी आम्ही फुंकून खाल्ली. देवजी सर एवढंच म्हणाले, "मॅडम, उत्तर आलं?"

पुढच्या रविवारी मॅडम नवं मडकं घेऊन हजर! स्वतः भरलं, स्वतः जाळ केला आणि एकच थेंब टाकला. चुर्र! पाला काढला तशी शेजारच्या पाड्यावरची माणसं वासावर आली. मॅडम जिल्ह्यात पहिल्या आल्यासारख्या वाढत होत्या.

*

हंडीचा मोसम सरत आला आणि बदली आलीच. पती-पत्नी एकत्रीकरणात, थेट तासगाव! जयाबेन रडल्या. मला स्वप्नात भागाकार दिसायला लागले.

मॅडमना न्यायला त्यांचे यजमान, शिंदे सर, टेम्पो घेऊन आले. "लगेच निघू, लांबचा पल्ला हाय," म्हणाले. पण निरोपाची हंडी लागली होती. मॅडमनी थेंब टाकला. चुर्र!

"रताळं आणि लसणात?" शिंदे सरांनी नाक मुरडतच एक फोड उचलली. मग ताट. मग पुन्हा ताट. हॉर्न वाजवून थकलेला टेम्पोवालाही पंगतीला बसला.

शेवटी शिंदे सर बोटं पुसत माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"सर, एकत्रीकरणात नवरा इकडं आला तरी चालतं नव्हं?"