माझ्या नावाचा मेल

"ह्या जातीला खुर्ची दिली की हे असं हुतंय!"

मालकानं सगळ्या ऑफिससमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. मी टेबलावर आदळले. ओठ फुटला. कीबोर्डवर रक्त.

शिरोली एमआयडीसीतली फौंड्री. मी तिथं कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. आई तिथंच झाडलोट करायची. त्या सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना एक मेल गेलता. मालकाच्या आईला घाणघाण शिव्या. पाठवणारीचं नाव माझं.

"मी न्हाय पाठवला. वरचं नाव कुणीबी टाकतंय. कुठल्या मशीनवरनं निघाला ते मेलच्या आतल्या, न दिसणाऱ्या ओळींत असतंय. उघडून बघा."

"मला शिकवतीस?"

केस धरून त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं.

आई धावत आली. मला उचलायला नाही. तिनं त्याचे पाय धरले. "चुकलं पोरीचं, मालक. पदरात घ्या."

काय चुकलं? मी खोटी आहे असं तिला वाटत नव्हतं. खरंखोटं विचारायचं असतं, हेच तिच्यात कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं. माझं डोकं सणकलं. त्यानं परत हात उगारला, तो मी दातांत धरला. कातडं तुटेपर्यंत सोडला नाही. गुरासारखा ओरडला तो. मग मी आईला काखेत हात घालून उभी केली. "ऊठ. ह्याच्या पाया पडायचं न्हाय."

तशीच रक्ताळलेली पोलीस ठाण्यात गेले, मारहाणीची आणि मेलची तक्रार दिली. सायबर शाखेच्या मॅडमनी एका गिऱ्हाइकाकडनं तो मेल मागवला, आतला माग काढला. मालकाच्या पुतण्याचा लॅपटॉप निघाला. पुतण्या माझ्या हाताखाली होता. लॅपटॉप जप्त झाल्यावर बोलला, "हिला मॅडम म्हणायचं? आमी?"

आठवड्यानं मालक मंगळवार पेठेत आमच्या खोलीवर आला. हाताला पट्टी.

"पोरगं चुकलं. घरातलं घरात मिटवूया की."

"मी तुमच्या घरातली कवा झाले? मारताना जात काढलीसा."

"तूबी चावलीयास. केस तुझ्यावरबी हुईल."

"होऊ दे. चावले म्हणून मीच सांगते कोर्टात. का चावले, ते तुमी सांगा."

आम्हा दोघींची कामं गेली. आई अजून म्हणते, मिटव. मी मिटवणार नाही. पुतण्या आत जाईल, मालकही जाईल. प्रत्येक तारखेला मी समोर उभी राहणार. आणि ह्यापुढं माझ्या आईच्या डोक्यावर कुणी पाय ठेवला, तर तो पाय मी मोडणार.