तार आली

मुलाने परवा गिटारच्या नव्या तारांचे पाकीट फोडले आणि लोखंडाला लावलेल्या तेलाचा वास खोलीभर पसरला. त्या वासासरशी मी साठीच्या दशकातल्या जयपूरमध्ये, आमच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

मुंबईहून टपालाने येणाऱ्या पाठांवरून मी तेव्हा बेस गिटार शिकत होतो. खर्जाची जाड तार तुटल्यामुळे पाठ अडले होते आणि नवी तार मी टपालाने मागवली होती. पोस्टमन भैयाच्या हातातले पाकीट ओळखताच मी आनंदाने ओरडलो, "तार आली!"

सांगलीला आजी अत्यवस्थ होती, आणि त्या काळी घरी तार येई ती बहुधा मरणाचीच, हे माझ्या ध्यानातही आले नाही. वडील अर्धी दाढी तशीच टाकून धावत आले. "काय लिहिलंय? वाच ना रे!"

"नाना, गिटारची हो!" म्हणून मी हसलो.

त्यांनी व्हरांड्यातली गिटार मानेला धरून उचलली आणि माझ्या खांद्यावर हाणली. मग लाकूड फाटेपर्यंत ती उंबऱ्यावर आपटत राहिले. "हसतोस? गाढवा, हसतोस?" मी त्यांना सर्व बळानिशी ढकलले. त्यांचे कपाळ चौकटीवर आदळले आणि साबणाच्या फेसातून रक्त ओघळू लागले.

कित्येक वर्षे मला त्यात केवळ मोडलेली गिटार दिसत असे. आता माझे ते दोन हात दिसतात, आणि जमिनीवर बसलेले नाना. त्यांनी रक्त पुसले नाही, मला शिवीही दिली नाही. एवढेच विचारले, "म्हणजे आई आहे ना रे अजून?"