गोधडीतली शांता

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. भर दुपारी, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर माझ्या साळ्यानं परकी बाई शोधली. आणि कसं सांगू तुम्हाला, ती सापडलीसुद्धा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावला शाळेत मराठी शिकवतो आणि गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक लिहितो. यंदाच्या नाटकात नवरा-बायकोचं भांडण होतं. बायको शांता, नवरा वसंता. आमचे दिग्दर्शक सुधाभाऊ, एरवी मंडप-डेकोरेशनवाले. त्यांनी शांताचं पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं.

"'आपण माझी घोर उपेक्षा करीत आहात.' सर, हे बाई भांडून राह्यली का बातम्या सांगून राह्यली?"

माझा चेहरा पडला.

"नवरा मातर एक नंबर हाय! भित्रा, येडपट, एक वाक्य धड पुरं करत नाई. कुठून आनला जी हा मानूस?"

"कल्पनाशक्ती!" मी कॉलर ताठ केली.

"मंग थे जराशी शांतालेही द्या. उद्या संध्याकाळच्या तालमीले बाई आपल्यासारखी बोलली पायजे. नाईतं मी दुसऱ्याचं नाटक घेतो."

दुसऱ्याचं नाटक! म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी रिठदला पुंजाभाऊच्या नातवाचं बारसं. पुंजाभाऊ म्हणजे माझा मोठा साळा. आता सासुरवाडीला जेवत बसलो, तर शांताला बोलतं कोण करणार?

मी काय केलं? सकाळी उठून ताप आल्याचं सांगितलं. दोनदा कण्हून दाखवलं. माझी बायको सुनंदा बिचारी माझ्यासाठी खिचडी टाकून, माझ्या अंगावर गोधडी घालून एकटीच बसनं गेली. बस सुटली असेल-नसेल, तोवर मी गोधडीबाहेर!

माझी एक पद्धत आहे. पात्राचं वाक्य आधी माझ्या तोंडात बसलं पाहिजे, मगच मी ते त्याच्या तोंडी देतो. म्हणून दाराला आतून कडी लावतो आणि खोलीत फिरत मोठमोठ्यानं बोलतो. पण शांता काही बोलेना हो! 'उपेक्षा' काढून 'दुर्लक्ष' घातलं, तरी ती शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या प्रमुख पाहुणीसारखीच.

मग डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं जी बाई माझ्याशी रोज भांडते, तिचे शब्द काय वाया घालवायचे?

"काहून जी, मी का भितीसंग बोलून राह्यली?"

वा! भिंतीशी बोलून कंटाळलेल्या शांतानं पहिल्यांदा मान वर केली. पण काहीतरी कमी होतं. सुनंदा भांडते तेव्हा हात नाचवते, आणि वाक्य संपलं की बांगड्या वाजतात. तिचा पूर्णविराम तिथं असतो! मग काय, आरशाजवळ तिच्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या साबण लावून चढवल्या. मी मुळातच काडीपैलवान. गेल्या हातात!

आता शांता सुटली. आवाज बारीक करून मी म्हणालो, "तुमाले कितीक डाव सांगतलं, हळू बोला! बाजूची भवानी भितीले कान लावून असते!" छन्!

लगेच मागे सरकून मीच वसंता झालो. "अवं, ऐक तं… तसं नाई थे… मी सांगनारच होतो…"

असं भांडण रंगलं की काय सांगू!

रंगलं होतं आणि भिंतीपलीकडे खरोखरच बेबीकाकू कान लावून होती. हे मला मागाहून कळलं. तिला आधी वाटलं, सुनंदा परत आली. पण आवाज जरा चिरका वाटला, म्हणून तिनं खात्रीसाठी सुनंदालाच फोन लावला. सुनंदा रिठदला, पाळण्याजवळ! मग घरात भांडतंय कोण?

इकडे माझा फोन वाजला. मी ऐन रंगात. न बघताच कानाला लावला आणि शांताच्या आवाजात खेकसलो, "कोन होय? काय काम हाय?"

पलीकडे बायका पाळणा म्हणत होत्या. फोन कट.

नंबर बघितला. सुनंदा!

आता खरोखरचा ताप भरायची वेळ! उलट फोन केला, तिनं उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. म्हटलं, आधी हातातला पुरावा तरी काढावा. पण चढताना सरळ गेलेल्या बांगड्या उतरायला तयार नाहीत! साबण झाला, तेल झालं, अंगठा सुजला. फोडाव्यात म्हणता? बायकोच्या बांगड्या नवऱ्यानं आपल्या हातानं फोडायच्या? त्या कधी फोडतात ते तुम्हालाही माहीत आहे, आणि मला अजून जगायचं होतं!

साबणाची वडी झिजत आली आणि दारात मोटारसायकल थांबली. मी दाराची कडी काढली आणि एका उडीत गोधडीत शिरलो.

"बाई कुठं हाय?" पुंजाभाऊ आत आला. त्याच्या मागे सुनंदा आणि तिच्या मागे बेबीकाकू.

पुंजाभाऊनं पलंगाखाली बघितलं. न्हाणीत बघितलं. धान्याच्या कोठीचं झाकण उघडून आतसुद्धा बघितलं. बेबीकाकू सांगत होती, "म्या सोता आयकलं, बांगड्या वाजत होत्या!"

सुनंदा गप्प होती. हेच भयंकर होतं हो! ती भांडत असते तोवर आमच्या घरात सगळं ठीक असतं. आज ती नुसती उशाशी उभी राहिली. डोळे लाल. बारशाचं नवं लुगडं तसंच अंगावर.

"खरं सांगा," ती हळू म्हणाली. "कोन होय थे? मी काई बोलनार नाई."

मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. आणि मी घाबरलो की माझी शाळेतली मराठी पळून जाते.

"अवं, ऐक तं… तसं नाई थे… मी सांगनारच होतो…"

बोलता बोलता हात हलला. छन्!

सगळे गोधडीकडे बघायला लागले.

"गोधडीत हाय वं माय!" बेबीकाकू किंचाळली.

पुंजाभाऊनं गोधडी ओढली. आत मी. एकटा. कोपराकडे सरकवलेल्या हिरव्या बांगड्यांसकट. आणखी कुणी पडतंय का म्हणून त्यानं गोधडी दोनदा झटकलीसुद्धा!

मग सगळं कबूल केलं. ताप खोटा, नाटक खरं, बाई मीच.

"नाटकातली बाई? मंग बोलून दाखवा," पुंजाभाऊ म्हणाला.

मी उभा राहिलो. आवाज बारीक केला. "काहून जी, मी का भितीसंग बोलून राह्यली?" छन्!

सुनंदाच्या भुवया वर गेल्या. तिनं आपले शब्द ओळखले!

"आवाज हाच," बेबीकाकू म्हणाली. "पन पुढचंही म्हना. कोन्तरी मले भवानी म्हनलं. थे म्हना, तवा मी खरं मानीन."

सुनंदाचा रंगच उडाला. तो शब्द कुणाचा, हे घरात आम्हा दोघांनाच माहीत. आता बोलावं, तर दोन घरांत कायमची भिंत. न बोलावं, तर ती परकी बाई कायमची माझ्या घरात! सुनंदा माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता हो, विनवणी होती.

"भवानी मीच म्हणालो, काकू. शब्द माझाच. लिहिताना सुचतं काहीबाही." मी हात जोडले. तेही वाजले.

"मास्तर मानूस आन् असं बोलते!" बेबीकाकू तरातरा निघून गेली. तेव्हापासून त्या घरून आमच्याकडे ताक आलेलं नाही.

पुंजाभाऊ मात्र हसत हसत मोटारसायकलला किक मारायला गेला. जाताना ओरडला, "सुनंदे, पाळना तसाच सोडून आलो, चाल्लो मी. जवाईबुवाची ओटी भरून देजो!"

सुनंदानं दार लावलं. तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली आणि एक-एक बांगडी हलक्या हातानं काढायला लागली. एकही फुटली नाही.

"शांता बरी बोलते," ती म्हणाली. "पन 'कितीक डाव' नाई, 'हजार डाव' करा थे."

"करतो."

"आन् तिचा नवरा? त्याचं बोलनं दाखवा बरं."

मला जरा हुरूप आला. सुधाभाऊंनी वाखाणलेलं पात्र! मी घसा साफ केला. "अवं, ऐक तं… तसं नाई थे… मी सांगनारच होतो…"

तिचा हात थांबला. मग ती जी हसत सुटली, ती पदरानं डोळे पुसेपर्यंत थांबेना.

"हे का लिहा लागते जी? हे तं तुमी आत्ता गोधडीतून बोलले. रोजच बोलता!"

आणि सुधाभाऊंसमोर कॉलर ताठ करून मी काय म्हणालो होतो? कल्पनाशक्ती!