तिसरं पान

तेलगावात कॉम्प्युटर सेंटर चालवणारा हा माणूस चहा बशीत ओततो आणि निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. बोलणं कमीच. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरं गावातच राहावीत, म्हणून आमच्या शाळेतले वसतिगृहाचे अर्ज मी त्याच्याकडे नेतो. सरकारी पोर्टलला पीडीएफ चालत नाही, प्रत्येक पानाचा फोटो लागतो. पूर्वी तो एकेका पानाचा फोटो हातानं करायचा. मग त्यानं ते काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. तिला तो 'गडी' म्हणतो.

यंदा त्याचा चहा निवायच्या आत गड्यानं सगळ्या अर्जांचे फोटो करून टाकले.

"चला, पाठवून द्या," मी म्हणालो.

"थांबा, गुरुजी." तो एकेक फोटो उघडून वाचू लागला.

"आता कावून? गड्यानं केलंय की सगळं!"

"गडी लई कामाचा हाय. पण सांगितलं तेवढंच करतो. त्याला वाचता येत न्हाई."

एका अर्जापाशी तो थांबला. अर्ज दोन पानांचा असतो, म्हणून त्यानं गड्याला दोनच पानं सांगितली होती. त्यात चारच लेकरांची जागा, आणि या घरात लेकरं पाच. धाकटीचं नाव पुरवणीच्या, म्हणजे तिसऱ्या पानावर होतं आणि ते पान मागेच राहिलं होतं.

"ही पोरगी गेली असती की उसाच्या फडावर," तो पुटपुटला. "चूक माजी हाय." त्यानं स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि सगळे अर्ज पहिल्यापासून पुन्हा उघडले. चहा तसाच राहिला.

'सर्व अर्ज तपासले' या ओळीखाली मी सकाळीच न वाचता सही करून आलो होतो.