माझं कडक ओलेतं

आमच्या पंचक्रोशीत मी मोठी देवभक्त म्हणून गाजले, ती माझ्या मूत्राशयामुळे.

हे वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. ज्यांची लाज वाटायची ती माणसं आता उरली नाहीत, आणि जी उरलीत त्यांना वाचायला चष्मा सापडत नाही. तेव्हा सांगून टाकते.

किन्हीराजाजवळच्या एका खेड्यात माझं सासर. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी माझं तिसरं बाळंतपण झालं. (राज्य सुखरूप सुटलं, मी नाही.) मूल अडलं. सुईण शेवटी माझ्या पोटावर गुडघा रोवून बसली. मुलगी जगली, मीही जगले, पण आतलं काहीतरी सैल झालं ते झालंच. खोकलं की लुगडं ओलं, शिंकलं की ओलं, घागर उचलली की ओलं. हसले तर विचारूच नका.

आणि देवानं नवरा दिला होता गावातला सगळ्यात विनोदी माणूस! जेवताना एक तरी गंमत सांगितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. गंमत रंगात आली की मी ताटावरून उठायची.

"मायी गोष्ट तुले कधीच काहून आवडत नाई व?" एकदा त्यांनी विचारलं.

"आवडते ना. दूध उतू जाऊन राह्यलं."

"दूध तं सकाळीच तापवलं होतं."

"पुन्हा तापवलं."

बायकोला विनोद कळत नाही, असं ते चावडीवर सांगू लागले. मी ते सोसलं. कारण खरं कारण सांगितलं तर काय होतं, ते मी गोदाबाईचं पाहिलं होतं.

गोदाबाई आमच्याच आळीतली. तिलाही बाळंतपणानंतर हेच झालं. घरच्यांनी आधी तिचं अंथरूण पडवीत काढलं, मग ताट वेगळं केलं, आणि शेवटी तिलाच गोठ्यात नेऊन ठेवलं. नवऱ्यानं दुसरी केली. गोदाबाईची भाकर दारातून आत सरकवली जायची. एक दिवस तिचा भाऊ रिसोडहून गाडी घेऊन आला आणि तिला घेऊन गेला. मुलं इथेच राहिली. ती परत कधी दिसली नाही. मलाही तीन लेकरं होती, आणि आमचा गोठा तर तिच्याहून मोठा होता.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, सोवळ्याच्या फार कडक. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आमच्याकडे ओलेत्यानं व्हायचा. म्हणजे विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, भिजलेलं लुगडं तसंच अंगावर ठेवून थेट चुलीपाशी बसायचं, आणि नैवेद्य होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही. त्या वर्षी मी लेकुरवाळी म्हणून आत्याबाईंनी मला कोरडं धूतवस्त्र नेसायची सूट दिली. मी चुलीपाशी बसले, फोडणीत मिरची टाकली, ठसका उठला आणि एकामागून एक शिंका आल्या.

मी उठले ती परसातल्या विहिरीकडे पळाले आणि बादली डोक्यावर ओतून घेतली. नखशिखांत निथळत परत आले, तर आत्याबाई दारात उभ्या.

"काय झालं व?"

"मांजर शिवलं."

"मांजर? कुठून आलं?"

"आलं तसं गेलं."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बसले होते त्या जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं केलं. आता ओलेत्यानंच कर मंग." मग स्वतः शेणाचा बोळा घेऊन ती जागा सारवून काढली. मांजराच्या विटाळाची किती ही काळजी, असं मला वाटलं.

पण त्या दिवशी मला एक शोध लागला. जे लुगडं आधीच ओलं आहे, ते आणखी ओलं झालेलं कोणालाही कळत नाही. एवढी साधी गोष्ट! दुसऱ्या दिवशीही मला मांजर शिवलं. तिसऱ्या दिवशीही शिवलं. त्या वर्षी जितकी मांजरं मला शिवली, तितकी सबंध वाशीम तालुक्यात नसतील. पुढे मी मांजराचं नावही सोडलं. सकाळी उठायचं, ओलेतं नेसायचं आणि दिवसभर निथळत कामं करायची.

शेजारच्या कौसल्याबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"आत्याबाई, तुमची सून तं रोजच ओलेत्यानं राहून राह्यली."

"देवाचं येड हाय तिले," आत्याबाई म्हणाल्या. "म्या सांगतलं नाई. तिनं मनानंच धरलं."

झालं! कौसल्याबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. महिन्याभरात बायका माझ्या पाया पडू लागल्या. कोणाच्या घरी सत्यनारायण असला की प्रसादाचा शिरा मीच करायचा. कोणाची म्हैस आटली की तिच्या पाठीवरून मीच हात फिरवायचा. मी नको नको म्हणायची, तर तेही नम्रतेच्या खात्यात जायचं.

मग मार्गशीर्षात मारुतीच्या देवळात पोथी लागली आणि मला अगदी पुढे, व्यासपीठाशी बसवलं. तासन् तास एका जागी! मी आधीच सांगून ठेवलं की एक अध्याय संपला की अंगावर पाणी घेतल्याशिवाय मी दुसरा ऐकत नाही. ऐकून दोन म्हाताऱ्या रडल्या. पुरुषांनी देवळामागे माझ्यासाठी रांजण भरून ठेवला. थंडी अशी की रांजणाला हात लावला तरी बोटं बधिर व्हायची. मी कुडकुडत यायची, बसायची, आणि लोक म्हणायचे, बाईला भाव आला.

शेवटच्या दिवशी तर एका बाईनं माझ्या पदरातून गळणारं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत धरलं. मी तिचा हात असा काही झटकला की ती मागच्या मागे बसली. आयुष्यात इतक्या निश्चयानं मी कोणाला अडवलेलं नाही.

पोथी संपली आणि मी आजारी पडले. आधी खोकला आला. खोकला आला की लुगडं खराब होई, म्हणून मी अंगावर पाणी घेई, आणि पाणी घेतलं की खोकला वाढे. ह्या चक्रात माझा पार चोथा झाला. ताप उतरेना, धाकटीचं दूध आटलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. तापात मला सारखा गोठाच दिसायचा. मेले तरी चालेल, पण त्या दारातून सरकवलेली भाकर नको, असं मला अगदी मनापासून वाटायचं. माझ्या मरणाची तयारी भाविकांनीही चालवली होती. समाधी कुठे बांधायची, ह्यावर देवळात दोन मतं पडल्याचं मला नंतर कळलं.

शेवटी एका सकाळी आत्याबाईंनीच मुलाला फर्मावलं. "गाडी जुप. वाशीमले डाक्टरीन हाय. समाधी गेली खड्ड्यात."

त्या स्वतःही बरोबर निघाल्या. बैलगाडीचा तो प्रवास मी सांगत नाही. प्रत्येक दगडाशी चाकाची आणि माझी गाठ पडत होती, एवढंच समजा.

डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या होत्या. त्यांनी छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"छाती कफानं भरली आहे. ह्या थंडीत ओलं लुगडं कशासाठी?"

"तिची भक्ती हाय, बाई," हे म्हणाले.

"कोणावर?"

हे जरा गोंधळले. "सगळ्याच देवायवर."

बाईंनी त्यांना औषधाच्या बाटलीसाठी बाहेर पाठवलं. आत्याबाई कोणी न सांगताच उठल्या आणि त्यांनी जाताना दार ओढून घेतलं.

"आता सांगा," बाई म्हणाल्या. "खोकला कधीपासून? आणि कपडे कधीपासून ओले होतात?"

दोन प्रश्न त्यांनी वेगवेगळे विचारले. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि सगळं सांगितलं. सुईणीचा गुडघा, शिंका, मांजर, रांजण. मला वाटलं, बाई नाकाला पदर लावतील किंवा हसतील. त्या फक्त ऐकत होत्या. मग मला रडू फुटलं, त्यानं खोकला आला, आणि पुढचं व्हायचं ते त्यांच्या खाटेवरच झालं. त्यांनी दुसरी चादर घातली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

"ओटीपोटाखाली स्नायूंची एक झोळी असते. आतलं सगळं तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणली गेली आहे. मोडलेला हात बरा झाल्यावर हलवून हलवून बळकट करतात ना? हिलाही तसंच करायचं. लघवी मध्येच रोखून धरावी, तसं आतून वर ओढायचं, धरायचं आणि हळूच सोडायचं. श्वास चालू ठेवायचा. बसून करा, निजून करा, पण रोज करा. काही महिने लागतील. आणि आजपासून कोरडं नेसा."

"कोनाले दिसन का पन, बाई?"

"शेजारी बसलेल्यालाही कळणार नाही."

ह्या एका बाबतीत डॉक्टरीणबाई चुकल्या. निघताना मी विचारलं, असं आणखी कोणाचं होतं का? त्या म्हणाल्या, "रोज कोणीतरी येते. पण सगळ्या खोकल्याचं सांगतात."

घरी आले आणि देवघराच्या भिंतीला टेकून व्यायाम सुरू केला. तो कोणाला दिसत नसेल, पण माझं तोंड दिसत होतं. आतून धरायचं म्हटलं की माझे डोळे घट्ट मिटत, ओठ आवळले जात आणि भुवया कपाळात जात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कौसल्याबाई समोर येऊन बसल्या.

"जप कोनाचा व बाई?"

मी नेमकी धरून होते, त्यामुळे बोलता येईना.

"नाव सांगत नाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "गुरूनं मनाई केली असन."

वाशीमहून मी दीक्षा घेऊन आले, ही बातमी गावभर झाली. बायका माझ्यासमोर ओळीनं बसू लागल्या. मी डोळे मिटले की त्याही मिटायच्या. मी ओठ आवळले की त्याही आवळायच्या. (खालचं तेवढं राहून जायचं.) मी एक शब्द बोलत नव्हते, आणि लोकांना माझ्या मौनाचाच अर्थ लागत होता.

पहिला महिना काही फरक पडला नाही. मी रोज रडायची आणि रोज करायची. एवढं करून जमलं नाही, तर पुढे आहेच गोठा, हा विचार पाठ सोडत नव्हता. होळीच्या सुमाराला एक खोकला कोरडा गेला. मग शिंक कोरडी गेली. मग एकदा जेवताना ह्यांनी गंमत सांगितली आणि मी ताटावर बसून पोट धरून हसले. हे इतके चकित झाले की त्यांनी तीच गंमत पुन्हा सांगितली. ती काही फारशी चांगली नव्हती.

ओलेतं सुटलं तशी गावात कुजबुज सुरू झाली, की भक्ती आटली. एका दुपारी आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मले तो जप सांग," त्या म्हणाल्या.

"कोनता, आत्याबाई?"

"ज्यानं तुयं लुगडं कोरडं राहाले लागलं तो."

त्या चुलीतल्या राखेकडे पाहत बोलत राहिल्या. "मांजर नव्हतंच. मले काय डोये नाईत? तुया नवऱ्याच्या बाळंतपनापासून मायं बी हेच हाय. कामरगावले लेक देली, तिच्या एका बाळंतपनाले मी गेली नाई. रात राहा लागली असती. तिले वाटते, मायले जावयाच्या घरचं पानी चालत नाई. आता तं बोलत बी नाई ते मायाशी."

"मंग मले तवाच काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? मले कोनी सांगतलं होतं? गोदीचं झालं ते पाह्यलं. म्हनलं, गावाले काईतरी सांगाच लागन, तं देवाचं सांगू. देवाच्या नावावर कोनी सुनेले गोठ्यात टाकत नाई."

माझी कीर्ती कोणी पसरवली, ते मला तेव्हा कळलं. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण त्यांना कोणी शिवलेलं चालत नसे, आणि ते का, हेही आता कळलं होतं. म्हणून मी नुसतं शिकवायला बसले.

आम्ही दोघी समोरासमोर डोळे मिटून, भुवया वर चढवून बसलो असताना हे आत आले. आम्हाला पाहताच त्यांनी टोपी काढली, हात जोडले, आणि पाठ देवाला नको म्हणून उलट्या पावली मागे जाताना चौकटीवर डोकं आपटून घेतलं. "क्षमा असावी," असं ते चौकटीला म्हणाले.

आत्याबाई हसल्या. सून म्हणून आले तेव्हापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या एकदम थांबल्या, उठल्या आणि पाठमोऱ्या विहिरीकडे चालू लागल्या. मी ठणठणीत कोरडी होते. पण त्यांना एकटीला कसं जाऊ द्यायचं? मीही मागोमाग गेले आणि त्यांच्याबरोबर एक बादली डोक्यावर ओतून घेतली.

दुसऱ्या दिवशी मला सपाटून सर्दी झाली. आत्याबाईंना साधी शिंकसुद्धा आली नाही.